ऐकणारं तोंड

सेटवर त्याला सगळे टिपकागद म्हणायचे. नाव पाडलं एका कॅमेरामनने. हिरो रडायला लागला की याला त्याच्यासमोर उभं करायचं आणि हिरोचं रडणं याच्या तोंडावर उमटवून घ्यायचं. हिरोला रडता येत नसे, हे वेगळं सांगायला नको. ग्लिसरीन घालून डोळे लाल व्हायचे, पण बाकीचं तोंड ठणठणीत, नुकतं जेवून उठल्यासारखं. मग दिग्दर्शक वैतागून म्हणायचा, याचं राहू दे, टिपकागदाचा क्लोज लाव. थिएटरात बाया रुमाल काढायच्या त्या टिपकागदाचं तोंड बघून. घरी जाताना नाव मात्र हिरोचं घ्यायच्या.

हिरोचा मित्र, हिरोचा धाकटा भाऊ, हिरोचा वकील, आणि केस पिकल्यावर हिरोचा बाप. भूमिका बदलल्या, काम तेच. समोरचा बोलणार, याने ऐकायचं.

हे तोंड तो कुठे शिकून आला नव्हता. ते घरीच, मार वाचवण्यासाठी तयार झालं होतं. बाप लाकडाच्या वखारीत कारकून. मालकाने दिवसभर जे सुनावलं असेल ते तो संध्याकाळी घरी आणून पोरांना ऐकवायचा, आणि दोघा भावांनी समोर उभं राहून ऐकायचं. थोरल्याची नजर जरा खिडकीकडे गेली की कानाखाली बसायची. धाकट्याने एक गोष्ट लवकर हेरली. बापाला कान नको होते, तोंड हवं होतं. भुवया थोड्या आत ओढायच्या, खालचा ओठ ढिला सोडायचा, आणि बाप "चार माणसांत बोलला मला" इथपर्यंत आला की डावी नाकपुडी जराशी हलवायची. त्यानंतर डोळ्यांत पाणी आपसूक येतं. आत त्याचं काय चाललेलं असायचं? फुटबॉल. उद्या गोलमध्ये कोणाला उभं करायचं, एवढंच. बाप थोरल्याला म्हणायचा, "बघ, धाकटा असून याला बापाची कळकळ आहे," आणि कळकळ नसल्याबद्दल थोरल्याला आणखी एक ठेवून द्यायचा.

थोरला पुढे गॅरेजात गाड्या दुरुस्त करायला लागला. भावाचा एकही सिनेमा त्याने बघितला नाही. कोणी विचारलंच तर हात पुसत म्हणायचा, ते तोंड मी लहानपणी फुकटात पाहिलंय, वर मारही मिळालाय.

आता क्लोज कसा घेतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर बोलताना दिसतात, म्हणून ती खरंच समोरासमोर असतील असं नाही. आधी हिरोचं तोंड घेतात. ते झालं की हिरो गाडीत बसून जातो. मग कॅमेरा फिरवून ऐकणाऱ्याचं तोंड घेतात, आणि तेव्हा ऐकणाऱ्यासमोर कोणीही नसतं. कॅमेऱ्याच्या शेजारी एका स्टँडवर काळ्या टेपची फुली चिकटवलेली असते. तिच्याकडे बघायचं. फुलीच्या बाजूला एक असिस्टंट कागद धरून हिरोची वाक्यं वाचतो, म्हणजे कधी हुंदका द्यायचा ते ऐकणाऱ्याला कळतं.

हे वाचायचं काम सुक्याचं.

पहिल्या दिवशी त्याला सुक्या म्हणत नव्हते. किडकिडीत अंगाचा, मोठ्या चपला घालणारा पोरगा. त्याला स्वतःलाच नट व्हायचं होतं. उंची कमी पडली, असं तो सांगायचा. उंचीच्या आधी बरंच काही कमी पडलं होतं, असं बाकीचे सांगायचे. तर पहिल्या दिवशी आई गेल्याचा प्रसंग होता, आणि या पोराची आई नुकतीच गेलेली. त्याने हिरोची वाक्यं मनापासून म्हटली. आवाज भरून आला. वर लाइट धरून बसलेल्या माणसाने बाहीला नाक पुसलं.

टिपकागदाने हात वर करून शॉट थांबवला. समोर कोणी खरं बोलायला लागलं की त्याचं तोंड चालत नसे, गडबडून जायचं. पण हे कबूल कोण करणार? तो दिग्दर्शकाला म्हणाला, "याला सांगा, इथे रडायचे पैसे मला मिळतात."

सगळे हसले. मग तो पोराकडे वळला. म्हणाला, तू वाचायचं, करायचं नाही. बसचा कंडक्टर थांबे पुकारतो, तसं. वाक्य कुठे संपतं तेवढं मला कळलं की झालं, त्याच्या आधीचं तुझ्याजवळ ठेव. आणि अख्ख्या सेटसमोर त्याच्याकडून ते वाक्य घोटून घेतलं. आई गेली. नाही, अजून ओल आहे. आई गेली. आहे अजून थोडी. पोरगा म्हणत राहिला, लोक हसत राहिले, आणि शेवटी ते वाक्य असं आलं, की आई कोपऱ्यावर काडेपेटी आणायला गेली असावी.

"हां," टिपकागद म्हणाला. "आता सुकलं."

तेव्हापासून तो सुक्या. आणि गंमत अशी, की त्याचा आवाज मग सेटवरून घरी गेला तरी तसाच राहिला. किती वर्षं माणसाने थांबे पुकारायचे? बायको केली, ती टिकली नाही. ती माहेरी जाताना म्हणाली म्हणतात, हा माणूस "मला तू आवडतेस" हे पाण्याची मोटर लावलीय अशा आवाजात सांगतो. यावरही सेटवर बरेच दिवस हसून झालं. सुक्याही हसला. हसणंही सुकंच.

पण सुक्याच्या मनात एक वेगळंच घर बांधून झालं होतं. तो थिएटरात मागच्या रांगेत बसून टिपकागदाचे क्लोज बघायचा. पडद्यावर ते भलंमोठं तोंड, भिजत जाणारे डोळे. बाकीच्यांना वाटायचं हे हिरोचं ऐकतंय. सुक्याला ठाऊक होतं की हिरो तेव्हा गाडीत होता. हे तोंड माझ्या आवाजाने भिजलंय, असं तो धरून चालला. एवढ्या मोठ्या दुनियेत आपलं ऐकून रडलेला एक माणूस आहे. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. जपून ठेवलं.

टिपकागदाचं लग्न सेटवरच जमलं. ती हेअरड्रेसर. एकदा विग बसवताना तिने सहज सांगितलं की वडील चार दिवसांपूर्वी गेले आणि शूटिंगमुळे तिला जाता आलं नाही. आरशात तिला याचं तोंड दिसलं. तिचे हात थांबले. आपल्या बापासाठी आपल्यापेक्षा हा जास्त रडतोय, असं वाटलं बिचारीला. त्या आरशातल्या तोंडाशी तिने लग्न केलं. संसार चांगला जुना झाल्यावर एकदा जेवताना त्याने विचारलं, "तुझे वडील काय करायचे गं? असतात कुठे हल्ली?"

ती भांडली नाही. ताट उचलून उठली. त्यानंतर मात्र तिला त्याला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती त्याच्याकडे पाठ फिरवून सांगायची. भांडी घासताना, कपाट लावताना. त्याचं तोंड बघितलं तर आपण परत फसू, याची तिला खात्री होती.

मग काम आटलं. नवे हिरो आले, त्यांना स्वतःच्याच तोंडाचे क्लोज हवे असत. ऐकणाऱ्याची जागा कापाकापीत उडायला लागली. टिपकागद घरी बसून वर्तमानपत्रातली कोडी सोडवायचा आणि बायकोला शब्द विचारायचा. ती पाठ फिरवूनच शब्द सांगायची.

अशात एक जुना दिग्दर्शक वारला. टिपकागद त्याच्या घरी भेटायला गेला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. एकेक जण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसायला लागला. कोणाचा मुलगा बोलत नव्हता, कोणाच्या छातीत धडधडत होतं, कोणाला बायको नको झाली होती. हा फक्त बसला होता, गुडघा दुखतोय म्हणून कधी उठावं याचा विचार करत. निघताना दिग्दर्शकाच्या विधवेने त्याचे हात हातात घेतले. इतक्या दिवसांत आज मोकळं वाटलं म्हणाली. घरी येताना त्याला वाट सापडली.

पन्नाशी ओलांडलेला माणूस समुपदेशन शिकायला कॉलेजात नाव घालतो म्हटल्यावर लोक कौतुक करतात. वर्तमानपत्रात फोटो आला, डाव्या बाजूने काढलेला. त्याने मन लावून अभ्यास केला हे खोटं नाही. पुस्तकं पाठ केली, संवाद पाठ करायची सवय होतीच. प्रात्यक्षिकात तर पोरंपोरी थक्क. यांच्यासमोर बसलं की आपोआप बोलावंसं वाटतं, असं सगळे म्हणत.

एकटी बाई थक्क झाली नाही. बाई म्हणजे त्यांना शिकवणारी थेरपिस्ट. जाडजूड, सर्दीने बेजार, समोरच्याचं ऐकताना तोंडावर हात धरून जांभई देणारी. तिने एकदा टिपकागदाला एका मुलीशी पाठीला पाठ लावून बसवलं. मुलीने आपल्या घरातलं काहीतरी सांगितलं. मग बाई म्हणाली, काय म्हणाली ते सांगा. टिपकागदाने आठवून बघितलं. शेवटचं वाक्य सांगितलं. आणि त्याच्या आधीचं? आधीचं काही नव्हतं.

बाईने नाक शिंकरलं. "तुम्ही तोंडाला ऐकायला बसवता आणि स्वतः बाहेर फिरायला जाता," म्हणाली. "आणि एक लक्षात ठेवा, ओळखीच्या माणसाला कधी घ्यायचं नाही. त्याला तुमचं तोंड आधीच पाठ असतं." तिने त्याला नापास करायचं ठरवलं होतं. पण बाकीच्या परीक्षकांचे मार्क एवढे वर होते, की बाईचा शून्य त्यात बुडून गेला.

त्याने खोली घेतली. दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. स्वतःची खुर्ची त्याने खिडकीपाशी अशी लावली की उजेड डाव्या गालावर पडावा. उजवी बाजू त्याची कधीच चांगली नव्हती. समोरच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर घड्याळाचा एक जुना खिळा होता. तो बरोबर माणसाच्या कानाच्या बाजूला यायचा. टिपकागद त्या खिळ्याकडे बघायचा, आणि समोरच्याला वाटायचं की हे आपल्या आरपार बघतायत.

आणि बोलायचं काय? तर पुस्तकातही होतं आणि सेटवरही होतं तेच. समोरच्याचे शेवटचे दोन शब्द उचलायचे आणि हळूच परत द्यायचे. "नवरा बोलतच नाही." "बोलतच नाही?" आणि माणूस घळाघळा पुढचं सांगायला लागतो. सेटवरही शेवटचे दोन शब्द कानावर आले की आपली वेळ झाली हे कळायचं. अधल्यामधल्याशी तिथेही काही काम नव्हतं. लोकांना बरं वाटायचं, हे मान्य करायला हवं. निम्मी दुखणी भिंतीला सांगितली तरी हलकी होतात, आणि ही भिंत तर रडणारी होती. वेळ मिळण्यासाठी महिना महिना थांबावं लागायचं. लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागले. तो नको नको म्हणायचा, त्या तोंडाने.

एक दिवस सुक्याची थोरली बहीण आली. विधवा, हातात पिशवी, बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या कडेवर. सुक्या तिच्याकडेच राहायचा. सेटवर आता वाक्यं वाचायला माणूस लागत नाही, सगळं मशीनवर ऐकवतात, म्हणून तो घरी बसला होता. बहीण म्हणाली की तो रोज सकाळी दाढी करतो, कपडे घालतो, आणि विचारतो, ताई, आजच्या दिवसाचं काय करू? जेवणाला चव नाही, झोप नाही. मागच्या आठवड्यात म्हणाला, मी नसलो तर तुझी एक खोली मोकळी होईल. आणि हे त्याने असं म्हटलं, जसं काही कपाट हलवायचंय.

"कोणाशी बोल म्हटलं तर म्हणतो, दादांशीच बोलेन, म्हणजे तुमच्याशी," ती म्हणाली. "म्हणतो, त्यांनी आयुष्यभर माझंच ऐकलंय. तुम्ही त्याचं ऐका हो. तो काही तरी करून घेईल. त्याचं ऐकणारं दुसरं कोणी नाही."

ओळखीच्या माणसाला घ्यायचं नाही, हे शिकवणाऱ्या बाईचं बोलणं टिपकागदाला आठवलं. पण आयुष्यभर ऐकलंय म्हणे. असं त्याच्याबद्दल कोणी कधी म्हटलं नव्हतं. बायको तर नाहीच. त्याने सुक्याला घेतलं.

सुक्या दर मंगळवारी यायचा. छत्री कोपऱ्यात उभी करायचा, चपला बाहेर जोडून ठेवायचा, आणि बोलायचा. त्याच आवाजात. बाकीची माणसं समोर बसून रडायची, थांबायची, चिडायची, आवाज चढायचा, त्यामुळे टिपकागदालाही मधूनमधून परत खोलीत यावं लागायचं. सुक्याच्या आवाजाने मात्र त्याचा जीव पहिल्याच वाक्याला सैल व्हायचा. वर्षानुवर्षांची सवय ती. तो आवाज म्हणजे बोलणं नव्हतंच, बोलण्याची जागा धरून ठेवणारं काहीतरी होतं. तो सुरू झाला की भुवया आपोआप आत, ओठ ढिला. टिपकागदाला इतकं आरामशीर कोणासमोर वाटत नसे. आणि सुक्या? त्याच्यासमोर ते पडद्यावरचं तोंड हाताच्या अंतरावर भिजत होतं. तो बहिणीला म्हणाला, दादांना सगळं कळतं. मला काही वेगळं करून सांगावं लागत नाही.

बहीण दर आठवड्याला फोन करायची. टिपकागद म्हणायचा, बोलतोय, चांगलं आहे.

मग तो मंगळवार आला. टिपकागदाला त्या शनिवारी एका सभागृहात भाषण द्यायचं होतं. विषय होता, ऐकण्याची कला. सुरुवात विनोदाने करावी की शांततेने, हे त्याचं ठरत नव्हतं. सुक्या समोर बोलत होता. वाक्यं येत होती, जात होती. मग शेवटचे शब्द आले, झोप लागते.

"झोप लागते?" टिपकागद म्हणाला.

"हो."

"वा."

सुक्याने काहीतरी विचारलं. टिपकागदाने मान हलवली, डोळे भरून आणले. सुक्या बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग उठला, नमस्कार केला. तो कधी नमस्कार करत नसे. छत्री कोपऱ्यात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं, तिकडे जायला हवं होतं, पण याला एकट्याला टाकून पाय निघत नव्हता. जाऊ का मी? टिपकागद म्हणाला, खुशाल जा. झोप लागायला लागलीय त्याला. झोप येणं हे फार चांगलं लक्षण असतं.

ती रविवारी गेली. सोमवारी शेजारीण वरच्या टाकीची किल्ली मागायला आली, दार उघडेना, म्हणून तिने आरडाओरडा केला. दार फोडलं. सुक्याने नको ते करून घेतलं होतं. शेजारणीच्या टाकीत पाणी असतं तर सुक्या राहिला नसता.

टिपकागद दवाखान्यात गेला तेव्हा सुक्या शुद्धीवर आला होता. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, शेजारच्या पलंगावर कोणीतरी घोरत होतं. खुर्ची पलंगाच्या उजव्या बाजूला होती, म्हणजे याची वाईट बाजू सुक्याकडे आली असती. टिपकागदाने खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घातला, पलीकडे खिडकीजवळ ठेवली आणि मग बसला. हे त्याने मुद्दाम केलं नाही. माणूस बसण्याआधी धूळ झटकतो, तसं झालं ते. सुक्याची मान खुर्चीबरोबर हळूहळू वळली.

टिपकागदाने विचारलं, अरे, मला सांगायचं तरी.

"सांगितलं होतं," सुक्या म्हणाला.

कधी?

आणि मग सुक्याने वाचून दाखवलं. कागद नव्हता, पण सेटवरही तो कागद नुसता हातात धरायचा. एकदा वाचलेलं किंवा बोललेलं त्याच्या डोक्यातून जात नसे, त्याच्या सगळ्या धंद्याची तेवढीच पुंजी. छताकडे बघत, थांबे पुकारल्यासारखं, तो बोलला.

"मी म्हणालो, ताई रविवारी लेकीकडे जाईल असं दिसतंय. ती गेली की घरात कोणी नसेल. मी सगळं ठरवून ठेवलंय, फक्त तिच्या जाण्याची वाट बघतोय. तिच्या डोळ्यांसमोर नको. हे ठरल्यापासून रात्री झोप लागते. तुम्ही म्हणालात, झोप लागते? मी म्हणालो, हो. तुम्ही म्हणालात, वा. मग मी विचारलं, दादा, मी हे करू का? तुम्ही मान हलवलीत."

घोरणारा माणूस कूस बदलून परत घोरायला लागला.

"तुमच्या डोळ्यांत पाणी होतं," सुक्या म्हणाला. "मला वाटलं, यांना कळलं. कळूनही थांबवत नाहीत, म्हणजे यांना पण पटलंय. मला बरं वाटलं. एका तरी माणसाला पटलं."

टिपकागदाने पहिल्यांदाच ते वाक्य सुरुवातीपासून ऐकलं होतं. त्याच्या छातीत काहीतरी खाली गेलं, जिन्यात पायरी चुकल्यासारखं. डोळे भरले. हे बोलावलेलं नव्हतं, असं त्याला वाटलं. निदान तेव्हा वाटलं.

सुक्याने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहून अर्धं आयुष्य त्याने हे तोंड बघितलं होतं. त्याच्याइतकं जवळून दुसऱ्या कोणीच बघितलं नव्हतं.

"आधी डावी नाकपुडी," तो म्हणाला. "मग पाणी. तेच आहे."

आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

बहीण बाळंतपण सोडून धावत आली. तिने तक्रार वगैरे काही केली नाही. उलट बाहेरच्या बाकावर टिपकागदाच्या शेजारी बसून रडली, आपलंच चुकलं म्हणाली, आपण जायलाच नको होतं. तुम्ही होतात म्हणून एवढे दिवस तरी निघाले, असंही म्हणाली. टिपकागदाने तिला हे बोलू दिलं. सांगावं असं एकदा ओठांवर आलं होतं. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. त्याने काही गाळलं नाही, मान हलवल्याचंही सांगितलं. ती वळली नाही. नळ तेवढा बारीक केला.

"मी जगले," ती म्हणाली, "कारण तुझ्या तोंडाकडे बघून मी परत कधी काही सांगितलंच नाही."

मग नळ परत मोठा केला.

त्याने खरंच प्रयत्न केला, ही गोष्ट त्याच्या बाजूने मांडायला हवी. भिंतीतला खिळा उपटला. खुर्ची खिडकीपासून हलवून अंधाऱ्या बाजूला नेली. समोरचं माणूस बोलायला लागलं की पहिल्या शब्दापासून धरून ठेवायचं, असं ठरवलं. आणि तेव्हा असं लक्षात आलं, की तो खरोखर ऐकायला लागला की त्याचं तोंड मरतं. जबडा लोंबतो, डोळे माशासारखे होतात, कपाळावर काही म्हणता काही उमटत नाही. एक प्रौढ बाई बरेच महिने यायची. लहानपणी काकाने काय केलं ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्याने शब्द न् शब्द ऐकला. आयुष्यात इतकं पूर्ण त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं. ती मध्येच थांबली.

"आज तुमचं लक्ष नाही," म्हणाली. "मी इतकं सांगतेय आणि तुम्ही असे बसलाय." डोळे पुसून उठली ती परत आलीच नाही. दुसराही एक गेला. तिसऱ्याने विचारलं, तब्येत बरी नाही का तुमची?

टिपकागदाने खुर्ची उचलून परत खिडकीपाशी ठेवली. खिळा ठोकायला हातोडी शेजारून मागून आणली.

सुक्या पुढे त्या कॉलेजातल्या बाईकडे जायला लागला, हे त्याला बहिणीकडूनच कळलं. बाई जांभया देते, नाक शिंकरते, मध्येच म्हणते, थांबा, हे मला कळलं नाही, परत सांगा. सुक्याला एकेक वाक्य तीन-तीनदा सांगावं लागतं. तो वैतागतो. पण जातो.

बऱ्याच दिवसांनी सुक्या छत्री न्यायला आला. दोन भेटींच्या मधली वेळ होती. टिपकागद आपल्या खुर्चीत बसला होता, तोंड पुढच्या माणसासाठी लावून. सुक्या दारात उभा राहिला. थोडा भरला होता अंगाने. कोपऱ्यातली छत्री उचलली, आणि निघता निघता थबकून खिडकीकडे बघितलं. मग चपला काढून आत आला, पडदा हातभर ओढला, मागे सरकून बघितलं, आणखी थोडा ओढला. सेटवर करायचा तसं.

"गाल जळत होता उजेडाने," तो म्हणाला. "आता ठीक आहे."

चपला पायात सरकवून तो जिना उतरला. टिपकागद त्या दोन वाक्यांशी झगडत बसला. यात राग होता, की कीव, की माफी, की नुसता उजेड? त्याने दोन्ही वाक्यं सुरुवातीपासून, एकेक शब्द करून, परत परत मनात म्हणून बघितली. त्यात ओल कुठेच लागेना. ती त्यानेच काढून टाकलेली होती.

दारावर टकटक झाली. त्याने भुवया आत ओढल्या.